टॉवर कूलर की लिक्विड कूलर? आपल्या उन्हाळ्यात प्रोसेसरसाठी काय घ्यावं

मार्च सरत आला की लातूर, परभणी, नांदेडकडच्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: घरी जोडलेला पीसी गेम लावला की तापतोय, बॉक्ससोबत आलेला कूलर काढून लिक्विड टाकू का? त्यामागे बऱ्याचदा एक समज असतो. त्यात पाणी आहे, म्हणजे तो आपल्या घरातल्या कूलरसारखा खोलीपेक्षाही थंड करत असणार.

तसं होत नाही. घरच्या कूलरमध्ये गवताच्या पॅडवरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून बाहेर ४२ असताना आत गार लागतं. लिक्विड कूलरमधलं पाणी सीलबंद असतं, ते उडत नाही. पंप ते फिरवतो, रेडिएटरवरचे पंखे त्यातली उष्णता खोलीच्या हवेत सोडतात. खरं तर पाण्याची वाफ होते ती टॉवर कूलरमध्ये, म्हणजे प्रोसेसरवर उभ्या बसणाऱ्या, पातळ पत्र्यांच्या आणि पंख्याच्या कूलरमध्ये! त्याच्या तांब्याच्या हीट पाइपमध्ये अगदी थोडं पाणी असतं. ते प्रोसेसरकडच्या टोकाला उकळतं, वाफ पत्र्यांपर्यंत जाते, तिथं निवून पुन्हा खाली येते. पण तोही पाइप बंदच. त्यामुळे खोलीच्या तापमानाखाली दोघांपैकी कोणीच उतरत नाही.

म्हणून आपल्याकडचा हिशोब वेगळा करावा लागतो. समजा एखाद्या व्हिडिओत २३ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६८ दाखवतोय, म्हणजे खोलीपेक्षा ४५ जास्त. तुमच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी ४० असेल, तर तोच प्रोसेसर त्याच कूलरवर ८५ च्या आसपास जाणार. एएमडीच्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश आहे. तिथं पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळतो.

हा प्रोसेसर ६५ वॉटच्या वर्गातला. इंटेलचा कोअर आय५-१२४०० पूर्ण जोरात ११७ वॉटपर्यंत जातो. दोघांनाही चार हीट पाइप आणि एक १२० मिमी पंखा असलेला टॉवर भरपूर झाला. आय९-१४९००के सारखा २५३ वॉटचा प्रोसेसर असेल, तर ३६० मिमीचं, म्हणजे तीन पंख्यांच्या रेडिएटरचं लिक्विड घ्या, तिथं त्याचा पैसा वसूल होतो. एका पंख्याचं १२० मिमी लिक्विड मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. चांगला टॉवर तेवढंच काम कमी पैशात करतो.

टॉवरकडे माझा कल असण्याचं मोठं कारण म्हणजे बिघाड. टॉवरचा पंखा गेला तर तसलाच १२० मिमीचा दुसरा लावता येतो, आणि तोवर पत्रे थोडी तरी उष्णता सोडत राहतात. लिक्विडचा पंप बंद पडला की पाणी जागच्या जागी थांबतं, तापमान झपाट्यानं चढतं आणि बहुतेक वेळा अख्खा कूलरच बदलावा लागतो. धुळीचंही तसंच. काळ्या मातीची बारीक धूळ रेडिएटरच्या दाट जाळीत अडकली की निघता निघत नाही. टॉवरचे पत्रे ब्रशनं साफ होतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. आणि घरच्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका, ओल्या हवेत धूळ पत्र्यांवर लिंपल्यासारखी बसते.

घेण्याआधी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर बसतो ते बघा. बरेचसे टॉवर १५० ते १६० मिमी उंच असतात. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बोर्डवरच्या भोकांतलं अंतर ७५ वरून ७८ मिमी झालं, तेव्हा त्या सॉकेटची (बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेची) पट्टी सोबत आहे ना, तेही विचारा.

एएम४ बोर्डवरचा (रायझन ५ ५६०० बसतो तो सॉकेट) जुना कूलर सरळ वर ओढू नका. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट सुकलेली असेल तर प्रोसेसरही सोबत उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा. स्क्रू सोडवून कूलर डावीउजवीकडे हळूहळू फिरवा. सुटल्याचं हाताला कळतं, मगच उचला.