नद्या नसलेल्या देशाचं गाणं

इजिप्तमध्ये आस्वानला नाईलचं जे पाणी पोचतं, त्यातलं साधारण ८५ टक्के इथिओपियाच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचं असतं. निळी नाईल तिथल्या ताना सरोवरातून निघते आणि पावसाळ्यात गाळानं तांबडी होऊन सुदानकडे धावते. त्याच इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी पैसे उभे करायला २५ नोव्हेंबर १९८४ च्या रविवारी लंडनच्या सार्म स्टुडिओत ब्रिटन-आयर्लंडमधले नामांकित पॉप गायक जमले. त्यांनी म्हटलेल्या गाण्यात आफ्रिकेचं वर्णन असं आहे: तिथं काही उगवत नाही, पाऊस पडत नाही, नद्या वाहत नाहीत.

गाण्याचं नाव ‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’, म्हणजे आज नाताळ आहे हे त्यांना ठाऊक तरी आहे का? आता, इथिओपियाच्या राजानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो चौथ्या शतकात, केंटच्या इंग्रज राजानं बाप्तिस्मा घेण्याच्या अडीचएकशे वर्षं आधी. तिथला नाताळ, गेन्ना, ७ जानेवारीला येतो. खरं तर हा प्रश्न उलट दिशेनं विचारायला हवा होता.

पण गाणं घाईत झालं होतं, आणि ती घाई खोटी नव्हती. २३ ऑक्टोबरला बीबीसीवर मायकेल ब्युर्क यांचा इथिओपियातल्या कोरेम गावातून पाठवलेला वृत्तांत दाखवला गेला. कॅमेरा मोहम्मद अमीन यांचा. पहाटेच्या धुक्यात उघड्या माळावर पडलेली हजारो उपाशी माणसं. आयरिश गायक बॉब गेल्डॉफनं ते घरी बसून पाहिलं, संगीतकार मिज युरला गाठलं, आणि महिन्याभरात गाणं तयार झालं. संगीतनिर्माता ट्रेव्हर हॉर्ननं आपला स्टुडिओ चोवीस तासांसाठी फुकट दिला. फिल कॉलिन्स ढोलांचा संच घेऊन आला, बॉय जॉर्ज न्यूयॉर्कहून कॉन्कॉर्ड विमानानं धावत पोचला. सत्तर हजार पौंड जमले तरी खूप, असा गेल्डॉफचा हिशोब होता. वर्षभरात जमले ८० लाख.

पुढं हेच गाणं पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित झालं. १९८९ मध्ये कायली मिनोग, क्लिफ रिचर्ड वगैरेंना घेऊन, २००४ मध्ये सुदानच्या दारफुरसाठी, २०१४ मध्ये, शब्द बदलून, पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलासाठी (तो दुष्काळच नव्हता, विषाणूची साथ होती, पण गाणं तयार होतं). २०२४ मध्ये तर कुणाला बोलावलंही नाही. हॉर्ननं जुन्या ध्वनिफितींतले आवाज एकत्र विणले, म्हणून तरुण स्टिंगच्या शेजारी तरुण एड शीरन गातो. मला विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो, असं शीरननं तेव्हा जाहीरपणे सांगितलं. या चाळीस वर्षांत दुष्काळाबद्दल आपल्याला जे कळलं, त्यातलं फार थोडं या गाण्यात शिरलं, आणि ते गाण्यापेक्षा कितीतरी जास्त चकित करणारं आहे.

आधी गाण्याच्या बाजूनं बोलतो. ते चाललं का? अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना एक प्रश्नावली भरून घेऊन पाच डॉलर दिले आणि म्हटलं, यातले हवे तेवढे दान करा. काहींना रोकिया नावाच्या मालीतल्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो आणि गोष्ट दिली. काहींना नुसते आकडे दिले. इथिओपियात एक कोटी दहा लाखांहून जास्त लोकांना तातडीनं अन्न हवं आहे, हा त्यांतलाच एक. रोकियाला सरासरी २ डॉलर ३८ सेंट मिळाले, आकड्यांना १ डॉलर १४ सेंट. गंमत पुढंच आहे. तिसऱ्या गटाला रोकिया आणि आकडे दोन्ही दिले, तर दान वाढलं नाही. १ डॉलर ४३ सेंटवर घसरलं. आकडा आला की डोकं हिशोबाला बसतं आणि खिशाकडे गेलेला हात थबकतो. गाण्यात एकही आकडा नाही, हे गेल्डॉफला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आता पाऊस. १९८४ हे साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिण काठाच्या, नोंदींमधलं सगळ्यात कोरड्या वर्षांपैकी एक. इथिओपियाचा उत्तर भाग याच पट्ट्याच्या पूर्व टोकाला येतो. तेव्हाचं प्रचलित उत्तर असं की, आफ्रिकेतल्या लोकांनी गुरं फार चारली, झाडं फार तोडली, जमीन उघडी पडली आणि पाऊस रुसला. पुढं संगणकावर हवामानाची प्रारूपं चालवून पाहिली तेव्हा ध्यानात आलं की मोठी किल्ली जमिनीत नाही, समुद्रात आहे. विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा नेहमी जास्त ऊबदार गोलार्धाकडे झुकतो. उत्तर अटलांटिक थंड पडला की तो पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि साहेल कोरडा राहतो.

उत्तर अटलांटिक का थंड पडला? याची सगळी कारणं नैसर्गिक नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत युरोप-अमेरिकेतली वीजकेंद्रं आणि कारखाने कोळसा जाळत होते. धुरातल्या गंधकापासून हवेत सल्फेटचे बारीक कण तयार होतात. ते सूर्यप्रकाश परत फेकतात आणि ढगही जास्त उजळ करतात, त्यामुळे खालचं पाणी गार राहतं. रॉटस्टाइन आणि लोमन यांनी २००२ मध्ये हा धागा साहेलपर्यंत नेऊन दाखवला. पुढं तिकडे हवा स्वच्छ करण्याचे कायदे आले, गंधक कमी झालं आणि नव्वदीनंतर साहेलचा पाऊसही बराचसा परतला. त्यात हरितगृह वायूंचा हातभार किती आणि सागराच्या स्वतःच्या चढउताराचा किती, यावर अजून वाद चालतो. पण ज्या शहरांत ते गाणं विक्रमी खपलं, त्यांच्याच धुराड्यांचा त्या कोरड्या आकाशात थोडा वाटा होता, एवढं म्हणायला हरकत नाही.

पाऊस नाही म्हणजे दुष्काळ, आणि दुष्काळ म्हणजे भूकबळी: आपल्या मराठीत तर या सगळ्याला शब्दच एक आहे. अवर्षण वेगळं आणि उपासमार वेगळी, हे दाखवलं अमर्त्य सेन यांनी. त्यांच्या अभ्यासात इथिओपियाचाच वोल्लो प्रांत आहे, १९७३ चा. तिथं माणसं मरत होती त्या वर्षी देशात एकूण धान्य फारसं कमी नव्हतं. वोल्लोतलं मुख्य बाजारगाव देसे. तिथले भावही फार चढले नाहीत. उलट थोडं धान्य वोल्लोतून बाहेर विकायला जात होतं. कारण सरळ आहे. पीक गेलं म्हणून शेतकऱ्याच्या आणि गुराख्याच्या हाती पैसाच नव्हता, आणि ज्याच्या हाती पैसा नाही त्याची भूक बाजाराला दिसत नाही.

आजी बहात्तरचं सांगायची ते मला सेन वाचताना पहिल्यांदा कळलं. ती ज्वारीचा भाव कधी सांगायचीच नाही, सांगायची बैलांचा. चैत्रात बाजारात बैलजोडी न्यावी आणि मिळेल त्या पैशात दावं सोडून परत यावं. सगळ्या गावांचे बैल एकाच आठवड्यात विकायला आले की बैल मातीमोल, आणि त्याच बाजारात ज्वारी सोन्याची. दुष्काळाची पूर्वसूचना देणाऱ्या यंत्रणा आज हेच मोजतात: एका बकरीच्या बदल्यात किती किलो धान्य मिळतं. तो आकडा कोसळायला लागला की ढगांकडे बघायची गरज उरत नाही.

१९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात दरडोई धान्य त्या वेळच्या साहेलमधल्या देशांपेक्षाही कमी होतं. ही तुलना सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी केली आहे. साहेलमध्ये आणि वोल्लोत माणसं मोठ्या संख्येनं मेली. इथं हाल कुत्रा खात नव्हता, पण तसं झालं नाही. सरकारनं गावोगाव दुष्काळी कामं काढली: खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. १९७३ च्या उन्हाळ्यात मस्टरवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. हातात आठवड्याची मजुरी, कामावर सुकडी, आणि रेशनवर ती अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, जिच्या भाकरीला आजी मरेपर्यंत नावं ठेवत राहिली. मजुरी हातात पडली की व्यापारी आपणहून धान्य आणतो. रोजगार हमीचं शास्त्र एवढंच, आणि ते वोल्लोच्या उलट टोकाला बसतं.

१९८४ मध्ये तर बाजारच मोडलेला होता, आणि मोडणारं सरकार होतं. उत्तरेत तिग्राई आणि एरिट्रियातल्या बंडखोरांशी मेंगिस्तूच्या लष्करी राजवटीचं युद्ध चालू होतं. बाजारांवर बाँब पडत, व्यापाऱ्यांच्या ये-जा करण्यावर बंधनं होती. पावसानं मोठा दगा दिला १९८४ मध्ये. उपासमार त्याआधीच सुरू झाली होती, हे दुष्काळाचे अभ्यासक अ‍ॅलेक्स डी वाल यांनी तपशिलानं मांडलं आहे. त्या सप्टेंबरात राजधानीत क्रांतीच्या दहा वर्षांचा सोहळा दणक्यात झाला. नंतर सुमारे सहा लाख लोकांना उत्तरेतून उचलून नैर्ऋत्येला नेऊन टाकलं, त्यात पुष्कळ दगावले. त्यावर आवाज उठवणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांच्या संघटनेला देशाबाहेर काढलं गेलं. एकूण मृत्यूंचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात. यातलं काही तीन-चार मिनिटांच्या नाताळगीतात कसं बसणार, हे मला मान्य आहे. पण पावसाला दोष दिला की तो अब्रूनुकसानीचा दावा करत नाही, ही सोय मोठीच.

मदत पोचली तिथं काय होत होतं? मेकेले गावात रेडक्रॉसची परिचारिका क्लेअर बर्टशिंगर हिच्यासमोर मुलांच्या रांगा बसलेल्या असत, हजाराच्या वर. जागा साठ-सत्तरांना. कुणाला आत घ्यायचं हे ती रांगेतून फिरत ठरवायची. आत घेतलेल्यांचंही सगळं सोपं नव्हतं. उपाशी शरीराला एकदम पोटभर खाऊ घातलं तर ते मरू शकतं. आठवडेच्या आठवडे शरीर चरबी आणि स्नायू जाळून चाललेलं असतं, आतला फॉस्फेट-पोटॅशियमचा साठा आटलेला असतो. भरपूर पिष्टमय अन्न पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं, पेशी साखरेबरोबर उरलंसुरलं फॉस्फेटही रक्तातून ओढून घेतात आणि हृदयाचा ठोका चुकतो. म्हणून सुरुवातीला दूध पातळ द्यायचं, शंभर मिलिलिटरला ७५ कॅलरी, थोडं थोडं, रात्रंदिवस. शिवाय एका आवारात हजारो अशक्त मुलं म्हणजे गोवर आणि जुलाबांना आमंत्रण. छावण्यांत भुकेइतकीच माणसं या रोगांनी नेली.

यावरचा उतारा सापडला तो शेंगदाण्यात. नव्वदीच्या दशकात आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान या फ्रेंच जोडीनं शेंगदाण्याचा लगदा, दूधपावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार असं मिश्रण पाकिटात भरलं. ९२ ग्रॅम, ५०० कॅलरी. आपल्या दाण्याच्या लाडवाचा पातळ चुलतभाऊ म्हणा. त्याची खुबी चवीत नाही, कोरडेपणात आहे. त्यात पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून जंतू वाढत नाहीत. चूल नको, उकळलेलं पाणी नको, फ्रीज नको. कोपरा फाडायचा आणि मुलानं चोखायचं. त्यामुळे बहुतेक मुलांना केंद्रात ठेवावंच लागत नाही, आई आठवड्याची पाकिटं घेऊन घरी जाते. बर्टशिंगरच्या रांगेतला प्रश्नच बदलला.

आणि आत कुणाला घ्यायचं हे आता नजरेनं ठरत नाही. त्यासाठी रंगीत पट्टी आहे. आपल्याकडे मेळघाटात, नंदुरबारात अंगणवाडीताई दंडघेर मोजतात तीच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती गुंडाळायची, खिडकीतला रंग बघायचा. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर लाल. साडेअकरा म्हणजे किती, तर आपला अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेल्या कड्यातून तो दंड सहज निघून जाईल. मूल दीड वर्षाचं असो की चार, सीमा तीच, कारण या वयात दंड फारसा जाड होतच नाही. वजनकाटा नको, जन्मतारीख नको.

वर आकाशातही पट्टी लागली आहे. १९८४ च्या धक्क्यानंतर अमेरिकेनं १९८५ मध्ये दुष्काळाच्या पूर्वसूचनेची यंत्रणा सुरू केली. हिरवं पान लाल प्रकाश गिळतं आणि अवरक्त परत फेकतं. उपग्रहानं या दोन्हींचं गुणोत्तर मोजलं की पीक कुठं वाळतंय हे कापणीच्या आधी कळतं. २००४ मध्ये, लंडनमध्ये दारफुरसाठी गाणं पुन्हा मुद्रित होत होतं त्याच वर्षी, सोमालियात काम करणाऱ्या तज्ज्ञांनी भुकेची पाच पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. पाचवी पायरी म्हणजे ‘फॅमिन’: पाचातल्या एका घरात अन्नाची पराकोटीची टंचाई, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. तिन्ही सिद्ध झाल्याशिवाय हा शब्द वापरायचा नाही. म्हणून पहिल्या वीस वर्षांत तो फार क्वचित वापरला गेला: २०११ मध्ये सोमालिया, २०१७ मध्ये दक्षिण सुदान.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा वापरावा लागला, उत्तर दारफुरमधल्या झमझम छावणीसाठी. गाणं २००४ मध्ये ज्यांच्यासाठी गायलं गेलं, ते त्या वेळी घरं सोडून जिथं आले होते, त्यातलीच ही एक छावणी. वेढा पडलेला, रस्ते अडवलेले, लाखो माणसं आत. पाऊस मात्र त्या वर्षी उत्तम होता. इतका, की छावणीत पाणी शिरलं, आणि त्याच महिन्यात पश्चिम दारफुरमधला मोर्नेईचा पूल नदीच्या पुरात कोसळला आणि मदतीच्या ट्रकांची वाट बंद झाली.