बांबोळीच्या बिनतारीपासून केबलच्या पेटीपर्यंत : गोव्यातील पक्षपाती प्रसारणाची पार्श्वभूमी

गोव्यात प्रसारणाचा जन्मच बाजू घेऊन झाला. पणजीची ‘एमिसोरा द गोवा’ ही नभोवाणी पोर्तुगीज राजवटीची होती आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सेन्सॉरने सोडले तेवढेच ती बोलत असे. तिला उत्तर म्हणून २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या रानातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ ऐकू येऊ लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालवलेले हे गुप्त केंद्र पुढे कॅसलरॉकला हलले आणि मुक्तीपर्यंत कोकणी व पोर्तुगीज भाषांतून बोलत राहिले. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र फोडले आणि गोव्याचा लिस्बनशी संपर्क तुटला. त्या काळातल्या श्रोत्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असे : कोणते केंद्र कोणाचे. पक्षपात उघड होता, म्हणून त्याचा हिशेब मांडता येई. आज पक्षपात असतो, पण तो उघड नसतो; आजच्या अडचणीचे मूळ या फरकात आहे.

मुक्तीनंतर पणजी केंद्र आकाशवाणीकडे गेले, म्हणजे दिल्लीच्या ताब्यात. नंतरच्या पाच वर्षांत गोव्याने आपल्या इतिहासातले सर्वांत तीव्र राजकीय ध्रुवीकरण पाहिले, आणि ते घडवण्यात प्रसारणाचा वाटा जवळजवळ नव्हता. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण ‘टीव्हीने समाज फोडला’ हे वाक्य अलीकडे फार सहज उच्चारले जाते.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात प्रश्न एकच होता : महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे. विलीनीकरणाला फूल, वेगळेपणाला दोन पाने. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते मिळाली. फरक ३४,०२१ मतांचा. नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या भागात, फुलाचा जोर, तर सासष्टीत दोन पानांचा. गावे, वाडे आणि कित्येक ठिकाणी एकेक घरही दुभंगले. हे काम केले छापील शब्दाने, कलापथकांनी, तियात्र या कोकणी नाटकांतल्या कांतारांनी (गाण्यांनी) आणि देवळांच्या नि चर्चच्या अंगणांतल्या सभांनी. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने ठामपणे उभा होता आणि मडगावचा ‘राष्ट्रमत’ तितक्याच ठामपणे विरोधात. दोन्ही मराठी दैनिके. मराठी वाचणारा म्हणजे विलीनीकरणवादी, हे समीकरण त्या वेळीही खोटे होते. उदय भेंब्रे यांचे विलीनीकरणविरोधी ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर मराठीतच आणि ‘राष्ट्रमत’मध्येच येत होते.

मालकीचा धागाही तेव्हाचाच. ‘गोमन्तक’ १९६२ साली चौगुल्यांनी सुरू केला, तर ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ साली धेंप्यांनी. दोन्ही घराणी खनिज व्यवसायातली. गोव्यातल्या माध्यमांचा पैसा सुरुवातीपासून अशा उद्योगांतून आला, ज्यांचे सरकारशी रोजचे काम पडते. कोकणी की मराठी, या १९८५ ते १९८७ च्या राजभाषा आंदोलनातही जनमत कौलाचेच चित्र दिसले. डिसेंबर १९८६ मध्ये रक्त सांडले आणि ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला. वाद वर्तमानपत्रांनी तापवला. नभोवाणी आणि दूरदर्शन सरकारी संयमाने, खरे तर सरकारी मौनाने, बाजूला राहिले.

नेमके त्याच वर्षी, ऑगस्ट १९८७ मध्ये, अमेरिकेत एक नियम रद्द झाला आणि या विषयावरच्या जगभरच्या चर्चेला तिथून तोंड फुटते. १९४९ चा हा ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्न हाताळलेच पाहिजेत आणि हाताळताना विरुद्ध मतांनाही जागा दिली पाहिजे, अशा दोन अटी तो रेडिओ-टीव्ही केंद्रांवर घाली. १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला होता. युक्तिवाद असा की प्रसारणाच्या लहरी मोजक्याच आहेत, म्हणून ज्याला परवाना मिळाला त्याच्यावर जबाबदारी येते. नियम गेल्यावर १९८८ मध्ये उजव्या विचारांच्या रश लिंबॉचा रेडिओ कार्यक्रम देशभर जाऊ लागला. इथपर्यंत कारण आणि परिणाम जुळतात. पण १९९६ मध्ये आलेल्या, रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेल्या फॉक्स न्यूज या केबल वाहिनीचे खापरही याच रद्द नियमावर फोडले जाते, ते बरोबर नाही. तो नियम लहरींवरून जाणाऱ्या प्रसारणाला होता, केबल वाहिन्यांना नव्हे. नियम टिकला असता तरी फॉक्स आलेच असते.

परिणाम मोजायचा कसा? एखादी वाहिनी पाहणारे लोक एका पक्षाला मत देतात, एवढ्याने काही सिद्ध होत नाही; त्या पक्षाचे लोकच ती वाहिनी लावत असतील. देलाविग्ना आणि कॅप्लन या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये यावर तोड काढली. ऑक्टोबर १९९६ ते नोव्हेंबर २००० या काळात फॉक्स सुमारे २० टक्के शहरांच्याच केबलवर पोहोचले होते. कुठे आधी जोडले गेले आणि कुठे नाही, हे मतदारांनी नव्हे तर केबल कंपन्यांनी ठरवले होते. म्हणून बाकी सारखी असलेली शहरे शेजारी ठेवून तुलना करता आली. उत्तर आले : रिपब्लिकन पक्षाच्या मतांत ०.४ ते ०.७ टक्केबिंदूंची वाढ. २०१७ मध्ये मार्टिन आणि युरुकोग्लू यांनी आणखी बारीक हत्यार वापरले, ते म्हणजे वाहिनीचा क्रमांक. वरच्या, लहान क्रमांकावरची वाहिनी लोक जास्त पाहतात, आणि क्रमांक राजकारण पाहून दिलेला नसतो. आठवड्याला अडीच मिनिटे जास्त फॉक्स पाहिल्याने रिपब्लिकन मत ०.३ टक्केबिंदूंनी वाढते, असा त्यांचा हिशेब निघाला.

हे आकडे किरकोळ वाटतात. गोव्याच्या मापात ते ठेवून पाहा. ४० मतदारसंघ आणि २०२२ मध्ये साडेअकरा लाखांवर मतदार, म्हणजे एका मतदारसंघात साधारण २९ हजार मतदार आणि २३ हजारांच्या आसपास प्रत्यक्ष मते. त्याचे ०.४ टक्के म्हणजे ९२ मते, ०.७ टक्के म्हणजे १६१. आणि मत एका उमेदवाराकडून थेट दुसऱ्याकडे गेले तर मताधिक्यात फरक दुप्पट पडतो. त्या निवडणुकीत सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, प्रियोळचा २१३ मतांनी, साखळीचा ६६६ आणि पणजीचा ७१६ मतांनी. अमेरिकेचा आकडा गोव्याला जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे दोन पक्ष आहेत; इथे एकेका मतदारसंघात चार-पाच तगडे उमेदवार असतात आणि मत बरेचदा पक्षाला नव्हे, माणसाला पडते. तरी परिणामाचे माप एवढेच धरले, तरी गोव्यात ते निकाल फिरवणाऱ्या मापाचे आहे.

भारतात खासगी वाहिन्यांना दार उघडले ते १९९१ च्या आखाती युद्धाने. नंतर ऑक्टोबर १९९२ मध्ये झी, फेब्रुवारी १९९५ मध्ये ‘लहरी ही सार्वजनिक मालमत्ता’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा आणि त्याच वर्षी केबल दूरचित्रवाणी जाळे नियमन कायदा. राजकीय पक्षांच्या सावलीतल्या वाहिन्यांचा पहिला ठसठशीत नमुना तमिळनाडूचा : १९९३ मध्ये द्रमुकच्या बाजूची सन, १९९९ मध्ये अण्णाद्रमुकची जया, आणि सनचे मालक असलेल्या मारन घराण्याशी बिनसल्यावर २००७ मध्ये द्रमुकची कलैञर. राजकीय पक्षांना वाहिन्यांच्या मालकीत शिरू देऊ नये, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने पुन्हा पुन्हा केली. ती कायद्यात उतरलेली नाही.

गोव्यातले टीव्हीचे चित्र तीन थरांचे आहे. सर्वांत वर हिंदी-इंग्रजी राष्ट्रीय वाहिन्या. मधे २००७ पासून जोमाने आलेल्या मुंबईच्या मराठी वृत्तवाहिन्या. खाली स्थानिक केबलवरच्या कोकणी-मराठी बातम्या. पेडण्यातला मराठी प्रेक्षक मधला थर सर्वांत जास्त पाहतो आणि त्याला ठाण्यातल्या आमदाराचे नाव आपल्या जिल्हा पंचायत सदस्याच्या आधी आठवते. जून २०२२ च्या अखेरीस शिवसेनेचे बंडखोर आमदार गोव्यात उतरले, तेव्हा गोवा त्या वाहिन्यांवर आला खरा, पण केवळ मुक्कामाचे ठिकाण म्हणून. यामागचे कारण गणितात आहे. प्रेक्षक मोजणारी संस्था महाराष्ट्र आणि गोवा ही एकच बाजारपेठ धरते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख, गोवा १४ लाख ५८ हजार. एकत्र शंभरात गोवेकर जेमतेम सव्वा. मुंबईच्या संपादकाने म्हादई नदीच्या पाण्याचा वाद दाखवला काय नि न दाखवला काय, त्याच्या मानांकनात (टीआरपीत) काहीच हलत नाही. पण त्या पडद्यावरची पक्षीय भांडणे आयती घरात येतात आणि ग्रामसभेतल्या नाल्याच्या, जमीन-रूपांतराच्या वादाला ती लेबले चिकटतात.

सारा दोष मानांकनाला देणाऱ्यांनी एक नोंद लक्षात ठेवावी. ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे मानांकन स्थगित झाले आणि मार्च २०२२ मध्ये, चार आठवड्यांच्या सरासरीवर, परत सुरू झाले. गोव्याचे १४ फेब्रुवारी २०२२ चे मतदान या बिनमानांकनाच्या काळातच पडले. स्थानिक केबल बातम्यांना तर मानांकनाचा आधार कधीच नव्हता. त्यांचा खर्च सरकारी जाहिराती, बांधकाम व्यावसायिक, प्रायोजित मुलाखती यांवर निघतो. तिथे आरडाओरडा कमी आणि वगळणे जास्त, कारण जाहिरातदार दुखावेल ती बातमी लागतच नाही.

वगळण्याचा परिणाम आरडाओरड्याहून खोल असतो, असे माझे मत आहे आणि त्याला आधारही आहे. २०२० मध्ये अमेरिकेत ब्रूकमन आणि काला यांनी फॉक्सच्या नियमित प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर विरुद्ध बाजूची मानली जाणारी सीएनएन पाहायला लावली. त्यांची मते काही प्रश्नांवर बदलली, आणि बदल मुख्यतः आला तो आजवर न दिसलेल्या माहितीमुळे. पैसे थांबले, लोक जुन्या वाहिनीकडे वळले आणि दोन महिन्यांत परिणाम विरला. म्हादईचेच पाहा. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात लवादाने कर्नाटकला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. तीनही आकडे एकत्र ठेवून पाहणारा प्रेक्षक आणि फक्त आपल्या राज्याची बाजू ऐकणारा प्रेक्षक एकमेकांशी वाद घालूच शकत नाहीत. त्यांच्यासमोर नदी एकच नसते.

वितरणाची बाजू लोक विसरतात. सेट-टॉप बॉक्समधला क्रमांक आणि पेटी सुरू करताच जी वाहिनी आपोआप लागते ते ‘लँडिंग पेज’, दोन्ही जागा पैसे देऊन मिळतात. मार्टिन-युरुकोग्लूंचे हत्यार इथे विकत मिळते, असे म्हणायला हरकत नाही. डिजिटलीकरणानंतर केबलवाल्याच्या स्वतःच्या वाहिन्यांना ‘प्लॅटफॉर्म सेवा’ म्हणतात. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच त्या ठेवता येतात, नोंदणी शुल्क प्रत्येकी १,००० रुपये आहे, पडद्यावर तसा मथळा हवा आणि स्थानिक बातम्या द्यायच्या तर चालक कंपनी म्हणून नोंदलेला असला पाहिजे.

निवडणुकीत दोन वाटा बंद करण्याचा प्रयत्न आहे. १३ एप्रिल २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर टीव्ही व केबलवरची राजकीय जाहिरात आधी तपासून घ्यावी लागते. मान्यताप्राप्त पक्षाने वा त्याच्या उमेदवाराने प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी, इतरांनी ७ दिवस आधी अर्ज करायचा, सोबत जाहिरातीच्या २ प्रती आणि साक्षांकित संहिता. दुसरी वाट पैसे घेऊन दिलेल्या बातमीची. संशय आला की प्रसारणापासून ९६ तासांत निवडणूक अधिकाऱ्याने उमेदवाराला नोटीस द्यायची, उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचे आणि ठरले तर तेवढा खर्च सरकारी दराने त्याच्या हिशेबात धरायचा. गोव्यात विधानसभेसाठी मर्यादा २८ लाख रुपये. अडते ते इथे : पैसे रोख फिरतात, मुलाखतीवर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले नसते, आणि केबलवरचा कार्यक्रम कोणी जपून ठेवलेला नसतो. ९६ तास संपेपर्यंत पुरावाच हाती येत नाही.

एरवीच्या तक्रारीसाठी २०२१ च्या नियमांनी तीन पायऱ्या घातल्या. तक्रार आधी वाहिनीकडे करायची. वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान झाले नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे जायचे, तिला ६० दिवस असतात. शेवटी केंद्र सरकार. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेचा दंड कमाल १ लाख रुपये होता आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो अपुरा असल्याचे बोलून दाखवले. बऱ्याच तक्रारी पहिल्याच पायरीवर पडतात, कारण त्यात ‘परवा रात्रीच्या चर्चेत’ एवढेच लिहिलेले असते. तारीख, घड्याळी वेळ, वाहिनीचा क्रमांक, नेमके वाक्य आणि ध्वनिचित्रफितीची प्रत नसेल तर वाहिनीला उत्तर देण्याची गरजच उरत नाही. केबलवाल्याच्या स्वतःच्या वाहिनीविरुद्धची तक्रार मात्र जिल्हाधिकाऱ्याकडे न्यावी. केबल कायद्याखाली अधिकृत अधिकारी तो आहे, आणि त्याच्या कार्यालयात आवक क्रमांक पडलेला अर्ज असा सहजासहजी बाजूला ठेवता येत नाही.