माहिती पोचली, लागण थांबली का? व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या एचआयव्ही अभ्यासांची पार्श्वभूमी

१९८२च्या सुमारास युगांडाच्या राकाई जिल्ह्यातल्या कासेन्सेरो या कोळ्यांच्या गावात माणसं जुलाब-तापाने खंगून मरू लागली. लोकांनी आजाराला नाव दिलं ‘स्लिम’. फसवल्या गेलेल्या टांझानियन व्यापाऱ्यांनी केलेली ही करणी, असंही कित्येकांना वाटे. स्लिमचा एड्सच्या विषाणूशी, म्हणजे एचआयव्हीशी, असलेला संबंध १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखाने दाखवला.

१९८६ मध्ये सत्तेवर आलेल्या राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी रोग झाकून ठेवला नाही. घोषणा आली ‘झिरो ग्रेझिंग’ची. शब्द थेट गोठ्यातला: गुरं मोकाट न सोडता दावणीलाच चारायची, म्हणजे माणसानेही बाहेर न भटकता आपल्या जोडीदाराशीच राहायचं. गावकऱ्यांना तो समजावून सांगावा लागला नाही. १९८९ मध्ये लोकप्रिय गायक फिली लुटाया यांनी आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. पुढे युगांडातलं बाधितांचं प्रमाण घटलं. पण त्यात प्रचाराचा वाटा किती आणि बाधितांच्या मृत्यूंचा किती, हा वाद उरलाच.

असे वाद अंदाजाने मिटत नाहीत, त्यासाठी वर्षानुवर्षं त्याच गावांत परत जावं लागतं. राकाईत १९८८पासून हेच चालू आहे: घरोघरी मुलाखती, रक्ताचे नमुने, पुन्हा तीच गावं. सरोवरापलीकडे टांझानियाच्या म्वांझा भागात गावच्या दवाखान्यांत एचआयव्हीचा शिरकाव सोपा करणाऱ्या गुप्तरोगांवरचे उपचार सुधारले, तर एचआयव्हीच्या नव्या लागणी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या (१९९५). राकाईत मात्र घरोघरी सरसकट औषधं देऊनही एचआयव्हीत फरक पडला नाही (१९९९). एकाच सरोवराच्या दोन काठांवर दोन उत्तरं! साथ जुनी झाली की गुप्तरोगांचा वाटा घटतो, हे त्याचं एक स्पष्टीकरण.

शिक्षणाची खरी कसोटी म्वांझातच लागली. ‘मेमा क्वा विजाना’ या प्रयोगात २० समुदायांपैकी निम्म्यांत प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांना शिक्षकांकडून लैंगिक आरोग्याचे धडे मिळाले, दवाखाने तरुणांना जवळचे वाटतील असे केले गेले. मुलांची माहिती वाढली, काहींनी आपलं वागणं सुधारल्याचंही सांगितलं. पण रक्ततपासणीत एचआयव्ही कमी झाल्याचं दिसलं नाही. काही वर्षांनी पुन्हा तपासलं, तरी नाहीच. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक निकाल हाच.

राकाईत नव्या लागणी २०१६पर्यंत ४२ टक्क्यांनी घटल्या, त्या विषाणूरोधक औषधं आणि पुरुषांची सुंता या दोन्हींचा प्रसार झाल्यावर.