आधी सूर की आधी पैसा? शालेय वेळापत्रकातल्या एका वादाची पार्श्वभूमी

लहान मुलांना शाळेत संगीत शिकवावे की पैशांचा व्यवहार, हा प्रश्न 'हे किंवा ते' अशा रूपात विचारला जाऊ लागला तो अगदी अलीकडे. त्याचे दोन धागे मात्र कित्येक शतके मागे जातात, आणि बहुतेक काळ ते एकमेकांना शिवलेही नाहीत.

पैशांचा धागा आधी घेऊ. १३३८च्या आसपासच्या फ्लॉरेन्सचे आकडे जोव्हान्नी विल्लानी या बखरकाराने नोंदवून ठेवले आहेत. त्याच्या मते ८ ते १० हजार मुले-मुली वाचायला शिकत होती आणि १,००० ते १,२०० मुले सहा शाळांमधून हिशेब शिकत होती. या हिशेबी शाळांत मुलगा साधारण दहा-अकराव्या वर्षी येई, तोवर त्याला वाचता येत असे. पुढच्या दोनेक वर्षांत पाढे, भागाकार, अपूर्णांक, त्रैराशिक, नाण्यांची नि वजनांची अदलाबदल, भागीदारी आणि व्याज शिकून तो दुकानात किंवा पेढीवर कामाला लागे.

भागीदारीचे गणित साधारण असे असते. एकाने १०० नाणी १२ महिने गुंतवली, दुसऱ्याने २०० नाणी ९ महिने. नफा झाला ५० नाणी, तर वाटा कसा करायचा? १०० गुणिले १२ म्हणजे १,२००, आणि २०० गुणिले ९ म्हणजे १,८००. प्रमाण २ : ३, म्हणून पहिल्याला २० आणि दुसऱ्याला ३०. गणित अवघड नाही, पण त्याच्या पोटात गुणाकार आहे, प्रमाण आहे, आणि पैसा किती काळ अडकून पडला यालाही किंमत असते ही कल्पना आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाजवळ यातले जवळजवळ काहीच नसते. हिशेब वाचनानंतर का येई, हे आजचा वाद समजून घेताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

संगीताचा धागा वेगळ्याच घरातून आला. ॲरिस्टॉटलने शिक्षणाचे चार रूढ विषय सांगितले: लेखन-वाचन, व्यायाम, संगीत आणि चित्रकला. त्यातल्या संगीताचा उपयोग काय, हा प्रश्न त्यानेच विचारला. पैसे मिळवायला किंवा घर चालवायला ते कामी येत नाही हे त्याने मान्य केले. तरीही मुलांनी लहानपणी स्वतः गायला-वाजवायला शिकावे, मात्र ते धंदेवाईक कसबापर्यंत ताणू नये, असा त्याचा निर्णय होता. संगीत 'उपयोगी' ठरवण्याच्या खटपटीत न पडता त्याने त्याची बाजू घेतली. पुढच्या काळात ही हिंमत क्वचितच दिसते.

मध्ययुगीन युरोपात गाण्याचे रीतसर शिक्षण मुख्यतः चर्चच्या गायकमुलांपुरते होते. १०३०च्या सुमारास इटलीतल्या ग्विदो द'अरेत्झो या मठवासी शिक्षकाने एक स्तोत्र घेतले. त्याच्या पहिल्या सहा चरणांची सुरुवात दर वेळी एकेक स्वर वर चढते. त्या चरणांची आद्याक्षरे, उत-रे-मी-फा-सोल-ला, त्याने स्वरांची नावे म्हणून वापरली. न ऐकलेले गाणे नुसते पाहून गाता येऊ लागले. ज्याला पूर्वी दहा वर्षे लागत ते वर्षा-दोन वर्षांत साधते, असे त्याने पत्रात लिहिले आहे. शालेय संगीताच्या नंतरच्या जवळजवळ सगळ्या पद्धती याच युक्तीच्या वंशातल्या आहेत.

म्हणजे व्यापाऱ्याचा मुलगा व्याज शिके आणि चर्चचा मुलगा सूर. *सगळ्या* मुलांना काय शिकवायचे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात सार्वत्रिक शाळा आल्या तेव्हाच उभा राहिला. आणि मग दोन्ही विषय वेळापत्रकात शिरले ते तिसऱ्याच कुणाचे काम घेऊन.

बॉस्टनमध्ये लोवेल मेसन यांनी एका शाळेत वर्षभर मोफत गाणे शिकवून दाखवले आणि १८३८मध्ये तिथल्या शाळा समितीने गायन हा सार्वजनिक शाळांचा विषय केला. त्याआधीच्या समितीच्या अहवालाने संगीत बौद्धिक, नैतिक आणि शारीरिक अशा तीन कसोट्यांवर घासून पाहिले होते. संगीताला स्वतःच्या बळावर दार उघडले नाही, ही गोष्ट तिथूनच सुरू होते.

इंग्लंडचा अनुभव जास्त बोलका आहे. १८६२च्या नियमावलीने शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि गणिताच्या परीक्षेशी बांधले. गाण्याला पैसे नव्हते, त्यामुळे शिक्षकांनी ते बाजूला टाकले. १८७२मध्ये उलटा नियम आला: गाणे शिकवले नाही तर दर मुलामागे एक शिलिंग कापायचा. १८८२मध्ये त्यातही प्रतवारी झाली. नुसत्या कानाने गाणाऱ्या वर्गाला सहा पेन्स, स्वरलेखन वाचून गाणाऱ्याला पूर्ण शिलिंग. साहजिकच टॉनिक सोल-फा ही, डो-रे-मी अशा अक्षरांनी स्वर लिहिण्याची पद्धत शाळाशाळांत पसरली. नॉर्विचच्या सेरा ग्लोव्हर यांनी ती बांधली आणि जॉन कर्वेन यांनी वाढवली. तिला लागते ते भिंतीवर टांगायचा स्वरांच्या शिडीचा एक तक्ता आणि एक छडी. वाद्य लागत नाही. मूळ स्वर कुठल्याही पट्टीत धरता येतो, जसा आपण सा धरतो. वेळापत्रकात काय टिकते हे अनुदानाच्या एका ओळीवर ठरते, हा धडा पुढे दोन्ही विषयांना लागू पडला.

जपानच्या १८७२च्या शिक्षणसंहितेत गायन हा विषय लिहिलेला होता आणि त्यापुढे 'तूर्त वगळावे' अशी टीप होती. कारण शिकवणारेही नव्हते आणि गाणीही नव्हती. १८७९मध्ये इझावा शूजी यांच्या पुढाकाराने संगीत संशोधन विभाग निघाला, अमेरिकेहून ल्यूथर व्हायटिंग मेसन यांना बोलावले, शिक्षक तयार होऊ लागले आणि १८८१पासून शाळांसाठी गीतांची पुस्तके निघाली.

याच शतकात पैसाही प्राथमिक वर्गात आला, पण हिशेब म्हणून नव्हे, काटकसर म्हणून. १८३४मध्ये फ्रान्समधल्या ल मां इथे शाळेत बचत बँक सुरू झाली. १८६६मध्ये बेल्जियमच्या गेंट शहरात कायद्याचे प्राध्यापक फ्रांस्वा लोरां यांनी तिला चळवळीचे रूप दिले. ठरल्या दिवशी शिक्षक मुलांची चिल्लर गोळा करतो, वर्गाच्या वहीत आणि मुलाच्या कार्डावर एकाच वेळी नोंद करतो, आणि ठरावीक रक्कम साठली की मुलाच्या नावाने खाते उघडले जाते. इंग्लंडच्या पोस्ट बँकेत किमान ठेव एक शिलिंग होती. गरीब मुलाला ती जमत नसे. म्हणून १८८०मध्ये हेन्री फॉसेट यांनी बारा चौकोनांचा कागद काढला: एकेक पेनीचे तिकीट चिकटवत जायचे, बारा झाले की शिलिंग. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने हीच कल्पना वापरली. २५ सेंटची १६ तिकिटे लावली की कार्डावर ४ डॉलर होत. वर थोडे सेंट घातले की त्या बदल्यात १ जानेवारी १९२३ला ५ डॉलर देणारे युद्धबचत तिकीट मिळे. त्याची किंमत १९१८च्या जानेवारीत ४ डॉलर १२ सेंट होती आणि दर महिन्याला एक सेंटने वाढत होती. थांबण्याला मोबदला असतो हे मुलाच्या हातात दिसावे, यासाठी याहून चांगले साधन क्वचितच निघाले असेल. हेतू मात्र युद्धाला पैसा उभारण्याचा होता.

या योजना ठरावीक ठिकाणी अडखळतात. सहा वर्षांच्या मुलाची ठेव ही खरे तर पालकांची ठेव असते, त्यामुळे कार्डावर सवय कमी आणि घरची ऐपत जास्त दिसते, आणि ती वर्गासमोर दिसते. चिल्लर मोजण्यात शिकवण्याचा वेळ जातो. लहान खाती सांभाळणे बँकेला परवडत नाही, मग ती त्याकडे भावी गिऱ्हाईक मिळवण्याचा खर्च म्हणून पाहते. ऑस्ट्रेलियात कॉमनवेल्थ बँकेचा शालेय बचत कार्यक्रम १९३१पासून चालला. २०२०च्या शेवटी तिथल्या वित्तीय नियामकाने अशा कार्यक्रमांच्या तपासणीचा अहवाल दिला. मुलांची बचतीची सवय त्यामुळे सुधारते हे बँकांना दाखवता आले नाही आणि लहान मुले शाळेतच जाहिरातीला सामोरी जातात, असे निष्कर्ष निघाले. व्हिक्टोरिया राज्याने ते शाळांतून बंद केले.

दोन्ही धाग्यांची टक्कर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. १९७८मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता कर १ टक्क्यापुरता बांधला. शाळांचे उत्पन्न आटले आणि पहिली कुऱ्हाड संगीत-चित्रकलेवर पडली. संगीताच्या कैवाऱ्यांनी मग मेंदूचा आधार घेतला. १९९३मध्ये ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे मोझार्टचे संगीत ऐकल्यावर अवकाशीय कोड्यांत थोडा वेळ सरस गुण मिळवले. त्यात लहान मुले नव्हती, शिकवणे नव्हते, आणि परिणाम पाव तासाच्या आत ओसरत होता. तरी त्यावर धोरणे बेतली गेली. २००४मध्ये ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांवर वर्षभराचा काटेकोर प्रयोग केला. संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यंक सरासरी ७ गुणांनी वाढला, इतरांचा ४.३ गुणांनी. फरक खरा, पण छोटा. पुढे २०२०मध्ये ५४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नीट नियंत्रण ठेवलेल्या प्रयोगांत तोही जवळजवळ उरला नाही. गणितात गुण वाढावेत म्हणून गाणे शिकवा, हा युक्तिवाद टिकत नाही, आणि तो केल्याने संगीताचेच नुकसान झाले.

पैशाच्या बाजूला जोर आला तो २००५मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने आर्थिक शिक्षण शाळेपासून द्यावे अशी शिफारस केल्यावर, आणि २००८च्या जागतिक आर्थिक अरिष्टाने. २०१२मध्ये याच संघटनेच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांची आर्थिक साक्षरता प्रथमच मोजली गेली. २०१४पासून इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तो भाग आला, पण माध्यमिक वर्गात. त्याच 'पिसा'मध्ये आर्थिक गुणांपैकी सुमारे ७५ टक्के वाटा गणित आणि वाचनाच्या कौशल्याशी जोडलेला निघाला. २०१४मध्ये २०१ अभ्यासांच्या एकत्रित तपासणीत आर्थिक शिक्षणाने नंतरच्या वर्तनातला केवळ ०.१ टक्का फरक स्पष्ट होतो असे दिसले, आणि सुमारे वीस महिन्यांनी तोही विरत होता. २०२२मधल्या, ७६ यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या) प्रयोगांच्या तपासणीने चित्र बरेच आशादायक केले, म्हणून सगळे फोल आहे असे म्हणणे चूक ठरेल. पण अमेरिकी राज्यांची एकमेकांशी तुलना करताना शॉन कोल आणि सहकाऱ्यांना जे आढळले ते या वादात सर्वांत मोलाचे वाटते: शाळेतल्या सक्तीच्या आर्थिक विषयाचा पुढच्या आयुष्यावर परिणाम दिसला नाही, जास्तीच्या गणिताचा दिसला.

लहान वयाबद्दल इटलीतल्या आन्ना बेर्ती आणि आन्ना बोंबी यांचे काम उपयोगी पडते. चार वर्षांच्या मुलाला कुठलेही नाणे काहीही विकत घेते असे वाटते. दुकानदार सुटे परत देतो म्हणजे पैसे तिथूनच मिळतात, असाही समज असतो. सुट्यांचा अर्थ सात-आठच्या सुमारास लागतो, दुकानदार घेतो त्याहून महाग विकतो हे दहा-अकराच्या आसपास, आणि बँकेचे व्याज त्याही नंतर. म्हणून दुसरीच्या वर्गात 'गुंतवणूक' शिकवली तर मुले शब्द पाठ करतात, एवढेच. त्या वयाला झेपते ते वेगळे: ३७ची वस्तू घेऊन ५० दिले तर वजाबाकी न करता ३८, ३९, ४० आणि मग आणखी १० असे मोजत १३ परत देणे. हा गणिताच्या तासाचाच भाग आहे.

कानाचे वेळापत्रक याच्या उलट आहे. निरपेक्ष स्वरज्ञान, म्हणजे दुसरा स्वर न ऐकताही नेमका स्वर ओळखण्याची क्षमता, असलेल्यांनी बहुधा सहा-सातच्या आतच संगीत सुरू केलेले असते. सर्वांना त्याची गरज नाही, पण सूर जुळवण्याची सवय याच वयात सहज लागते. संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या विचारावर १९५०मध्ये हंगेरीतल्या केचकेमेत इथे रोज गाण्याचा तास असलेली प्राथमिक शाळा निघाली. तिथला स्वरक्रम आपल्या भाषेत सांगायचा तर आधी प आणि ग, मग ध, मग सा आणि रे. म्हणजे भूपाचे पाच स्वर. म आणि नी मागाहून, कारण त्यांच्याशी येणारे अर्धस्वराचे अंतर लहान गळ्याला निसटते.

वर्गात बिघडते ते बहुधा पट्टीमुळे. सहा-सात वर्षांच्या मुलाचा आरामाचा पल्ला पेटीवर मध्य सप्तकातल्या पांढरी दोन ते पांढरी सहा इतकाच असतो. शिक्षक आपल्या सोयीने खाली गातात, मुले घसा दाबून बोलल्यासारखी गातात, आणि 'याला सूर नाही' असा शिक्का बसतो. उपाय असा: मूल जो स्वर काढते तो आधी शिक्षकाने पकडावा, जुळला की अर्धा-एक स्वर सरकावे. वाद्य बंद ठेवावे, नाहीतर मुलाला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. 'तू नुसते ओठ हलव' असे एकाही मुलाला सांगू नये.

वेळेचा हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. आठवड्याला ४० मिनिटांचा एक तास, ३६ आठवडे, म्हणजे वर्षाला २४ तास. रोज ८ मिनिटे, १८० दिवस, तरी तेच २४ तास. गाणे पहिल्या वाटणीत विसरले जाते, दुसऱ्या वाटणीत अंगी लागते. त्यासाठी पैशांच्या शिक्षणाचा बळी द्यावा लागत नाही, कारण नाणी मोजण्याची जागा गणितात आधीपासून आहे, आणि व्याज, कर्ज, विमा, कर यांची वेळ चौदा-पंधराव्या वर्षानंतर येते, पहिल्या पगाराच्या आणि पहिल्या कर्जाच्या जितकी जवळ तितकी बरी. अडचण उरते ती शिक्षकाची. रोजची ८ मिनिटे घ्यायला वर्गशिक्षकालाच सा धरता आला पाहिजे, आणि बहुतेक प्रशिक्षणक्रमांत त्यासाठी पुरेसे तास नाहीत. जपानने पुस्तकांच्या आधी शिक्षक घडवायला घेतले होते. आज अभ्यासक्रम आधी जाहीर होतो आणि शिकवणारा नंतर शोधला जातो, संगीताचाही आणि पैशाचाही.