घर बदललं की सकाळ बदलते

शिक्षकांच्या एका प्रशिक्षण शिबिरात मी स्मरणशक्ती या विषयावर बोलत होते. मधल्या सुट्टीत एक जुने, अनुभवी शिक्षक जवळ आले आणि म्हणाले, "मॅडम, माझ्या वर्गात एक मुलगा आहे. आईवडिलांकडे नसतो, दुसऱ्या कुटुंबात ठेवलाय. हे त्याचं तिसरं घर. डोक्याने बरा वाटतो, पण आज शिकवलेलं उद्या कोरं. कुणाचा आवाज जरा चढला की दगडासारखा बसून राहतो. शेवटी खाण तशी माती, नाही का?"

ते वाईट हेतूने बोलत नव्हते. त्या मुलासाठी त्यांनी बरंच केलं होतं आणि आता ते दमले होते. पण "खाण तशी माती" या तीन शब्दांनी मी अस्वस्थ झाले. तेव्हा वेळ नव्हता म्हणून थोडक्यात उत्तर दिलं. उरलेलं इथे लिहिते आहे.

फॉस्टर केअर, म्हणजे प्रतिपालकत्व, हे दत्तकविधानापेक्षा वेगळं असतं. आईवडिलांचं आजारपण, व्यसन, तुरुंगवास, घरातली मारहाण किंवा टोकाची हेळसांड यांमुळे मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवलं जातं. ते परत आपल्या घरी जावं हा सहसा उद्देश असतो. त्यामुळे या व्यवस्थेत कायमचं काहीच नसतं. कधी ते कुटुंब थकतं, कधी न्यायालयाचा निर्णय बदलतो, आणि मुलाची पिशवी पुन्हा भरली जाते. घराबरोबर पुष्कळदा शाळाही बदलते.

आता खाण आणि माती. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने उंदरांवर फार सुंदर काम केलं. काही उंदीर-माता पिल्लांना भरपूर चाटतात, काही कमी. भरपूर चाटलेली पिल्लं मोठेपणी ताणातून लवकर सावरतात. हे रक्तातून आलं की चाटण्यातून? संशोधकांनी पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जन्मतःच भरपूर चाटणाऱ्या मातेकडे दिली. ती मोठी झाली तेव्हा ताण पेलण्याच्या बाबतीत वाढवणाऱ्या मातेसारखी निघाली. 2004 साली याच गटाने मोशे शिफ यांच्यासोबत दाखवलं की, चाटण्याच्या फरकामुळे पिल्लांच्या मेंदूतल्या एका जनुकावरच्या मिथाइल गटांचं, म्हणजे त्याला चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक खुणांचं, प्रमाण बदलतं. जनुक तेच राहतं, पण ते किती वाचलं जाणार हे बदलतं. उंदरावरून थेट माणसावर उडी मारू नये, आणि आनुवंशिकता काहीच करत नाही असंही कुणी म्हणू नये. तरी पालनकर्ता बदलला की शरीराचं रसायन बदलू शकतं एवढं तर इथे स्पष्ट दिसतं.

ते जनुक कशाचं होतं? कॉर्टिसॉलसारख्या ताणाच्या संप्रेरकांना ओळखणाऱ्या ग्राहीचं, म्हणजे रिसेप्टरचं. माझं सगळ्यात आवडतं प्रकरण इथून सुरू होतं.

कॉर्टिसॉलला हल्ली खलनायक ठरवलं गेलं आहे. "कॉर्टिसॉल कमी करा" म्हणून चूर्णं आणि पेयं विकली जातात. पण कॉर्टिसॉलशिवाय आपण जगूच शकत नाही. निरोगी माणसात ते पहाटेपासून वाढत जातं, जाग आल्यावर साधारण 30 ते 45 मिनिटांत शिखर गाठतं, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला जातं. सकाळचा चढ आपल्याला दिवसासाठी उभं करतो आणि रात्रीचा उतार झोपू देतो. हे मोजायला सुई लागत नाही. तोंडात कापसाचा बोळा धरायचा आणि त्यात भिजलेली लाळ तपासायची. मुलांवर इतका अभ्यास होऊ शकला तो या बोळ्यामुळे.

साखळी अशी चालते. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. ते खालच्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं. पिट्युटरी एसीटीएच सोडते, ते रक्तातून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातं, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. खरी गंमत यानंतर आहे. सोडलेलं कॉर्टिसॉल रक्तातून परत मेंदूत पोहोचतं आणि हायपोथॅलॅमस व पिट्युटरी दोघांनाही सांगतं की पुरे, आता थांबा. म्हणजे वेग देणारंच ब्रेकही लावतं.

पुढचा भाग थोडा चढणीचा आहे, पण सोडवत नाही. कॉर्टिसॉलला धरणाऱ्या ग्राही दोन प्रकारच्या असतात. पहिली मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राही. तिची पकड दुसरीच्या सुमारे दहापट घट्ट, त्यामुळे कॉर्टिसॉल अगदी थोडं असतानाही ती बहुतांशी भरलेली असते. दुसरी ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही. तिची पकड सैल, म्हणून ती भरते सकाळच्या शिखरावर किंवा ताणाच्या क्षणी. पहिली रोजचा तळ सांभाळते आणि दुसरी उसळी ओळखून ब्रेक दाबते. स्मृतीसाठी महत्त्वाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दोन्ही दाटीने असतात. मीनींच्या उंदरांत जे जनुक कमीजास्त वाचलं जात होतं ते या दुसऱ्या ग्राहीचं. ती कमी असेल तर ब्रेक उशिरा लागतो. लहानशा धसक्यानंतरही धोक्याची घंटा वाजत राहते.

मग सारखे धक्के खाणाऱ्या मुलांचं कॉर्टिसॉल कायम चढलेलं असेल असं वाटेल. लाळेच्या नमुन्यांनी अनेकदा वेगळंच दाखवलं. प्रतिपालक कुटुंबांतल्या आणि त्याआधी हेळसांड झालेल्या लहान मुलांपैकी पुष्कळांचं सकाळचं शिखरच बुटकं निघालं. दिवसाची चढउतार सपाट झालेली. महिनोन्‌महिने घंटा वाजत राहिली की पिट्युटरी सीआरएचच्या हाकेला पूर्वीसारखी ओ देत नाही, अशी यामागची एक महत्त्वाची मांडणी आहे. सतत ओरडणाऱ्याकडे आपण लक्ष देईनासे होतो, तसंच काहीसं. अशा मुलाकडे बघून ताण दिसत नाही. दिसतो तो थंडपणा, आणि त्यालाच आपण आळशीपणा म्हणतो.

अमेरिकेत ओरेगॉनमध्ये फिलिप फिशर यांच्या गटाने बालवाडीच्या वयाच्या अशा मुलांचा मागोवा घेतला. नेहमीच्या व्यवस्थेत ठेवलेल्या मुलांचं सकाळचं कॉर्टिसॉल महिन्यांगणिक उतरत गेलं. ज्या प्रतिपालकांना प्रशिक्षण आणि अडीनडीला सल्ला मिळत होता, त्यांच्याकडच्या मुलांची लय टिकून राहिली. घर बदलणं आणि सकाळचं कॉर्टिसॉल यांचाही संबंध दिसला: नेहमीच्या व्यवस्थेत घर बदललं की सकाळ आणखी सपाट होत होती, आधार असलेल्या गटात ही घसरण रोखली गेली. सांभाळणाऱ्यांचा स्वतःचा ताण आणि मुलाच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हेही एकमेकांशी जोडलेले आढळले. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. त्या कुटुंबाला उसंत आणि मदत देणं हाही मुलावरचाच उपचार आहे.

मानसशास्त्रज्ञ मेरी डोझियर यांनी आणखी एक गाठ सोडवली. दुखावलेलं बाळ जवळ घ्यायला गेलं की तोंड फिरवतं. मोठ्यांना वाटतं, याला आपण नको आहोत, आणि तेही मागे सरतात. दोघेही एकमेकांची वाट बघत राहतात. डोझियर यांच्या कार्यक्रमात प्रशिक्षक घरी येतो आणि दहा बैठकांमध्ये सांभाळणाऱ्यांना शिकवतो की मूल दूर लोटत असतानाही त्याला आपली गरज आहे असं धरून वागा. अशा मुलांची कॉर्टिसॉलची लय इतर मुलांच्या जवळ जाताना दिसली.

हे सगळं वर्गापर्यंत कसं येतं? कपाळामागचा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, आपल्याला चार गोष्टी एकदम ध्यानात धरू देतो. हातचा लक्षात ठेवून बेरीज करणं, प्रश्नाचं पहिलं वाक्य आठवत दुसरं वाचणं, तोंडावर आलेलं उत्तर क्षणभर थोपवणं, ही सगळी त्याचीच कामं. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांनी दाखवलं की ताणाच्या क्षणी हा भाग काही सेकंदांत ढिला पडू शकतो. नॉरएपिनेफ्रिन हे रसायन बेताचं असेल तर ते अल्फा-2ए ग्राहींवर बसून पेशींची जोडणी पक्की करतं. ताणात त्याचा पूर आला की ते कमी पकडीच्या अल्फा-1 ग्राहींनाही चिकटतं. पेशींच्या सांध्याजवळच्या पोटॅशियम वाहिन्या उघडतात आणि संदेश वाटेतच गळून जातो. लगाम मग मेंदूतल्या जुन्या भागांकडे जातो, आणि त्यांना पळणं, लढणं किंवा थिजणं एवढंच येतं. आवाज चढला की दगड होणारा तो मुलगा उद्धटपणा करत नव्हता. त्या मिनिटाला त्याच्याकडे उत्तर द्यायचं यंत्रच चालू नव्हतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे नुकसान झालंच, आता शाळा काय करणार? इथे बुखारेस्टचा अभ्यास आठवतो. रोमानियात निकोलाय चाउशेस्कूच्या राजवटीने 1966 साली गर्भपातावर बंदी घातली. लोकसंख्या वाढवायची होती. परिणामी हजारो मुलं सरकारी संस्थांत येऊन पडली आणि 1989 मध्ये ती राजवट कोसळल्यावर जगाला दिसली. पुढे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी संस्थांतली 136 मुलं घेतली, वयं सुमारे सहा महिने ते अडीच वर्षं. चिठ्ठ्या टाकाव्या तशी त्यांची विभागणी झाली. निम्म्यांसाठी प्रतिपालक कुटुंबं उभी केली, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. हे नैतिक होतं का, यावर बरीच चर्चा झाली. तेव्हा तिथे अशी कुटुंबं जवळपास नव्हतीच, आणि उरलेल्या मुलांना कुटुंब मिळण्याची संधी आल्यास ती अडवायची नाही असा नियम होता. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेच्या गटाचा सरासरी बुद्ध्यांक सुमारे 73, प्रतिपालक कुटुंबाच्या गटाचा 81. जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्या मुलांचा 109. आठ गुण पुन्हा वर आले ते कुटुंबामुळे, कारण चिठ्ठीने पडलेल्या दोन गटांत खाण सारखीच होती. पण दरी भरलीही नाही, हेही लपवू नये. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांना अनेक बाबतींत अधिक फायदा झाला.

त्यावरून "पहिली दोन-तीन वर्षं गेली की दार बंद" असं सुटसुटीत वाक्य सगळीकडे पसरलं. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगणारे लोक आहेत, त्याला शास्त्राचा काडीचाही आधार नाही. हे दाराचं वाक्य तितकं खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि अर्धवट विज्ञानाने मुलं सोडून दिली जातात. मिनेसोटा विद्यापीठातल्या मेगन गुनार यांच्या गटाने 2019 साली 7 ते 15 वर्षांची, लहानपण संस्थांत गेलेली पण नंतर चांगल्या घरांत दत्तक गेलेली मुलं पाहिली. त्यांना परीक्षकांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला सांगितलं. वयात न आलेल्या मुलांचं कॉर्टिसॉल बुटकंच राहिलं. पौगंडावस्था पुढे सरकली तसतसा त्यांचा प्रतिसाद इतर मुलांसारखा होत गेला. म्हणजे वयात येताना ही यंत्रणा पुन्हा एकदा परिसराशी जुळवून घेते. परिसर चांगला असेल तरच तिचा फायदा, आणि कुमारवयीन मुलांना ठेवून घ्यायला तयार असलेली घरं नेमकी कमी मिळतात.

म्हणूनच शाळेचं टिकणं इतकं महत्त्वाचं आहे. घर बदललं तरी तोच बाक, तीच घंटा, तेच सर राहू शकतात. ऑक्सफर्ड आणि ब्रिस्टल विद्यापीठांनी 2015 साली इंग्लंडमधल्या अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शालान्त परीक्षेच्या आधीच्या दोन वर्षांत शाळा बदललेल्यांचे निकाल न बदललेल्यांपेक्षा एकूण पाचाहून अधिक श्रेणींनी खाली होते. हा सहसंबंध आहे, कारण याहून गुंतागुंतीचं असणार. पण त्याच अभ्यासात दीर्घकाळ या व्यवस्थेत राहिलेली मुलं, तितक्याच अडचणीतल्या पण घरीच राहिलेल्या मुलांपेक्षा अभ्यासात पुढे होती. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक प्रशासनाला या मुलांच्या शिक्षणाकडे बघणारा अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. अमेरिकेत 2015 च्या शिक्षण कायद्यानुसार घर बदललं तरी, मुलाच्या हिताचं असेल तोवर, जुनीच शाळा चालू ठेवायची असते. बदलावीच लागली तर कागदपत्रं यायची वाट न बघता त्याला लगेच वर्गात बसवायचं असतं.

त्या शिक्षकांना मी सांगितलं ते एवढंच होतं. उद्या परीक्षा आहे, तास बदलणार आहे, तुम्ही रजेवर आहात, हे त्याला आदल्या दिवशी सांगा. सूचना एका वेळी एकच द्या आणि फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे ती डोक्यात धरून ठेवावी लागणार नाही. तो दगड झाला की त्या मिनिटाला प्रश्न विचारू नका. जवळ उभे राहा, हळू बोला, दहा मिनिटांनी विचारा. रोज सकाळी शाळेत आल्यावर एकाच माणसाने त्याच्याशी दोन वाक्यं बोलावीत, तो बोलो न बोलो.

आणि आनुवंशिकतेचा धडा आला की "आईबाबांच्या डोळ्यांचा रंग लिहून आणा, वंशावळ काढा" असा गृहपाठ देऊ नका. त्याऐवजी वाटाण्यांचीच उदाहरणं घ्या. मेंडेललाही तेवढी पुरली होती.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वंशावळीचा गृहपाठ मी कालच दिलाय. उद्या काढून घेतो."