पोएमनंतरची शुश्रूषा

ॲकॅलेशिया या गिळण्याच्या विकारावर तोंडावाटे दुर्बीण घालून जे स्नायुच्छेदन केले जाते, त्याला पोएम म्हणतात. शस्त्रक्रियेच्या रात्रीच्या उपवासापासून पुढील अनेक वर्षांच्या तपासण्यांपर्यंत रुग्णाची काळजी कशी घेतली जाते, हा या नोंदीचा विषय असून आहाराची उदाहरणे गोव्यातील मराठी भाषक घरांतून घेतली आहेत. पोटावर किंवा छातीवर एकही टाका नसतो, रुग्ण दोन-तीन दिवसांत चालत घरी येतो, आणि त्यामुळे घरच्यांना तो बरा होऊनच आला असे वाटते. जखम मात्र अन्ननलिकेच्या आत असते आणि तिची निगा ताटातूनच राखावी लागते.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, ती जठराला मिळते तेथे, स्नायूंचे एक वलय असते. घास आला की ते सैल पडते आणि घास जठरात उतरला की पुन्हा आवळते. ॲकॅलेशियात अन्ननलिकेच्या भिंतीतील, हे वलय सैल करणाऱ्या मज्जापेशी नष्ट होतात. त्यामुळे वलय आवळलेलेच राहते आणि घास खाली ढकलणाऱ्या अन्ननलिकेच्या लाटाही बंद पडतात किंवा विस्कळीत होतात. हा विकार दुर्मीळ असून दरवर्षी लाखात साधारण एका माणसाला नव्याने होतो. अन्न छातीत अडकणे, न पचलेले अन्न तोंडात परत येणे, छातीत दुखणे आणि वजन घटणे ही त्याची लक्षणे आहेत. घन पदार्थांबरोबर पाणीही अडकते, ही त्याची महत्त्वाची खूण होय. पुष्कळ रुग्ण निदानापूर्वी दीर्घकाळ ॲसिडिटीची औषधे घेत असतात. काहींना, विशेषतः तरुण मुलींना, जेवणाचे नखरे करतात म्हणून घरात बोलणीही खावी लागतात, आणि ही या आजाराची फार दुःखद बाजू आहे. एंडोस्कोपी, बेरियम पाजून काढलेले एक्स-रे आणि अन्ननलिकेतील दाब मोजणारी मॅनोमेट्री या तपासण्यांनी निदान पक्के होते.

आवळलेले वलय कापून सैल करण्याची शस्त्रक्रिया जर्मन शल्यचिकित्सक अर्न्स्ट हेलर यांनी 1913 मध्ये प्रथम केली, आणि नंतर ती पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने होऊ लागली. जपानमधील हारुहिरो इनोउए यांनी 2008 मध्ये बाहेरून कोणताही छेद न घेता तोंडावाटेच हे काम रुग्णावर करून दाखवले. पूर्ण भूल देऊन अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला वरच्या भागात लहानसा छेद घेतात, अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये बोगदा करून दुर्बीण खाली नेतात, वलयाचे आणि त्याखाली जठराचे दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतचे स्नायुतंतू कापतात आणि परतताना अस्तराचा छेद धातूच्या छोट्या क्लिपांनी बंद करतात. पुढची सर्व पथ्ये या रचनेवरून ठरतात. स्नायू कापलेल्या जागी अन्न आणि छातीची पोकळी यांच्यामध्ये मुख्यतः अस्तराचा पातळ पदरच उरलेला असतो. तो पदर शाबूत राहणे आणि वरचा छेद भरून येणे यावर पहिल्या दोन आठवड्यांचे सारे अवलंबून असते.

पहिली रात्र रुग्णालयात काहीही न खातापिता, सलाइनवर काढावी लागते. शस्त्रक्रियेत अन्ननलिका फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरतात आणि तो ऊतींमध्ये झिरपू शकतो. गळपट्टीच्या हाडाच्या वर बोटाने हलके दाबले तर कधीकधी त्वचेखाली चुरचुर जाणवते. पाहणाऱ्याला ती भयंकर वाटते, परंतु हा वायू बहुधा एक-दोन दिवसांत शरीरात आपोआप शोषला जातो. छातीत मधोमध किंवा पाठीत दुखणे, भुलीच्या नळीमुळे घसा खवखवणे, मळमळ, पोट तट्ट वाटणे हेही या काळात अपेक्षित आहे. जोराच्या उलटीने क्लिपांवर ताण येतो, म्हणून मळमळ वाटताच ती परिचारिकेला सांगावी. सोसत बसू नये. दुसऱ्या दिवशी अनेक ठिकाणी रंगद्रव्य पाजून एक्स-रे काढतात. रंगद्रव्य कोठेही बाहेर न झिरपता सरळ जठरात उतरले की पाण्याचा पहिला घोट मिळतो. वर्षानुवर्षे पाणीसुद्धा छातीत थांबलेल्या माणसाला ते अडथळ्याविना खाली जाताना जाणवते, आणि त्या वेळी अनेकांचे डोळे भरून येतात.

घरी आल्यावर आहाराच्या पायऱ्या रुग्णालयागणिक थोड्या वेगळ्या असतात. सर्वसाधारणपणे पहिले काही दिवस पातळ पदार्थ, त्यानंतर दुसरा आठवडा संपेपर्यंत मऊ व गुळगुळीत अन्न आणि मग हळूहळू नेहमीचे जेवण असा क्रम असतो. गोव्याच्या स्वयंपाकघरात या काळाला साजेसे अन्न आधीपासूनच आहे. उकड्या तांदळाच्या पेजेची गाळलेली निवळ कोमट करून, किंचित मीठ घालून दिली की पहिला दिवस निभावतो. पुढे पेज शिते मोडून, चांगली घोटून द्यावी. नाचणीच्या सत्त्वाची पातळ खीर, मुगाच्या डाळीचे गाळलेले वरण, शहाळ्याचे पाणी, ताजे व आंबट नसलेले ताक हेही चालते. पेजेबरोबर तोंडी लावायला खारातल्या कैरीची फोड किंवा सुकी सुंगटे (कोळंबी) हवीतच असे म्हणणाऱ्या माणसाला हे दिवस जड जातात. पण तिखट, खारवलेले आणि टणक पदार्थ कच्च्या जखमेवर नकोत. सोलकढी पचनाला चांगली म्हणून आग्रहाने दिली जाते. तिच्यातील आंबटपणा, मिरची आणि लसूण लक्षात घेता ती पहिल्या आठवड्यांत टाळलेलीच बरी. फार गरम व फार थंड पेयेही टाळावीत.

मऊ अन्नाच्या टप्प्यात सर्वांत जास्त जपायचे ते पावापासून. सकाळ-संध्याकाळ पोदेर, म्हणजे पाववाला, दारावर येतो आणि मऊ म्हणून रुग्णाला तोच प्रथम दिला जातो. प्रत्यक्षात ताज्या पावाचा लाळेत भिजून चिकट गोळा होतो, आणि लाटा नसलेल्या अन्ननलिकेतून हा गोळा उतरणे अवघड असते. चिवट कडेची पोई आणि कडक उंडे हे पावाचे प्रकार तर आणखी नंतरचे. त्यापेक्षा गुरगुट्या भात, वाफवलेला भोपळा, मऊ इडली, पिकलेले केळे कुस्करून देणे बरे. मासे सुरू करताना मुडदुशासारखा मऊ मांसाचा मासा कमी तिखटाच्या हुमणात (माशाच्या आमटीत) शिजवून, काटा बोटांनी चाचपून काढून, भातात कालवून द्यावा. बारीक काट्यांचे मासे आणि बांगडा मागाहून. मांसाचे मोठे तुकडे, सुके खोबरे, चणे, शेंगदाणे आणि चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत बाजूला ठेवाव्यात. सणाच्या पंगतीत एवढ्याने काय होते म्हणून आग्रह करणाऱ्या मावशी-काकूंना हे आधीच सांगून ठेवणे उपयोगी पडते.

मद्य या काळात पूर्ण वर्ज्य आहे. सर्दीपडशावर घोटभर फेणी घेण्याची जुनी सवय आणि उन्हाळ्यातील हुर्राक ही काजूची दारू, दोन्ही त्यात आले.

गोळ्यांबाबत घरात गोंधळ होतो. मोठ्या गोळ्या अडकू शकतात, म्हणून काही कुटून किंवा पातळ औषधाच्या रूपात दिल्या जातात. आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोलच्या गोळीवर मात्र विशिष्ट लेप असतो आणि ती कुटल्यास तिचा परिणाम कमी होतो, त्यामुळे प्रत्येक गोळीविषयी डॉक्टरांना स्वतंत्र विचारावे. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या सुमारे अर्धा तास आधी घ्यायची असते. उठल्याबरोबर चहा घेण्याची सवय असलेल्या घरात हीच वेळ हमखास चुकते. अंगदुखीवर परस्पर वेदनाशामके घेऊ नयेत, कारण त्यांपैकी काहींनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी औषधे पुन्हा केव्हा सुरू करायची हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे. मधुमेह्यांची बाब निराळी आणि गोव्यात विशेष महत्त्वाची आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक, 26.4 टक्के, गोव्यात आढळले होते. पेज, खीर, शहाळे यांनी साखर चढते, तर खाणे कमी झाले असताना इन्सुलिनची जुनी मात्रा चालू ठेवल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते. म्हणून मात्रा घरी परतण्यापूर्वीच बदलून घ्यावी आणि साखर घरी वारंवार तपासावी.

ताप, वाढत जाणारे छातीचे दुखणे, धाप, मानेची वाढती सूज, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच ही लक्षणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा आणि पोएम झाल्याचे रुग्णवाहिकेतच सांगावे. असे प्रसंग थोड्याच रुग्णांवर येतात, पण अस्तराला भोक पडून गळती सुरू झाली असेल तर प्रत्येक तास मोलाचा असतो. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठताना डिस्चार्जचा कागद बरोबर असावा. मुंबई किंवा हैदराबादहून शस्त्रक्रिया करून परतलेल्यांना तर तो अत्यावश्यक होय, कारण इथल्या डॉक्टरांपाशी त्यांची आधीची नोंद नसते. परतीच्या विमानप्रवासालाही आधी परवानगी घ्यावी, कारण शरीरात अडकलेला वायू उंचीवर प्रसरण पावतो. क्लिपा काही आठवड्यांत आपोआप गळून शौचावाटे जातात. त्या आत असेपर्यंत एमआरआय करण्याची वेळ आली तर तसे अगोदर सांगावे. बैठे काम बहुतेकांना आठवड्याभरात जमते. रापण (मासेमारीचे मोठे जाळे) ओढणे, सिलिंडर उचलणे, विहिरीचे पाणी शेंदणे यांसारखी कष्टाची कामे मात्र साधारण दोन आठवडे तरी करू नयेत.

पोएमची दीर्घकालीन उणीव म्हणजे आम्लाचे उलट वाहणे. वलय सैल केल्याने घास खाली जातो, आणि त्याच वाटेने जठरातील आम्ल वर येते. युरोपातील अनेक केंद्रांत झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात दोन वर्षांनंतर पोएमचे यश 83 टक्के आणि हेलर शस्त्रक्रियेचे 81.7 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच, आढळले. अन्ननलिकेचा आम्लदाह मात्र दोन वर्षांनी पोएम झालेल्यांपैकी 44 टक्के आणि हेलर झालेल्यांपैकी 29 टक्के रुग्णांत होता. यातील फसवा भाग असा की कित्येकांना दाह असूनही जळजळ जाणवत नाही. त्यामुळे आपल्याला काही त्रास नाही असे म्हणून गोळी स्वतःहून बंद करणे चुकीचे आहे, आणि तिची गरज आहे की नाही हे काही महिन्यांनी एंडोस्कोपी करून ठरवणे हाच योग्य मार्ग होय. पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उंच करणे, डाव्या कुशीवर झोपणे आणि रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकणे यांनी आम्ल वर येणे कमी होते. दुपारच्या भातानंतर लगेच आडवे होण्याची गोव्यातली सवयही यासाठी बदलावी लागते.

वलय कापल्याने अन्ननलिकेच्या लाटा सहसा पूर्ववत होत नाहीत, आणि ही गोष्ट रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्टपणे सांगितली जायला हवी. घास मुख्यतः स्वतःच्या वजनाने उतरतो. म्हणून ताठ बसून लहान घास सावकाश चावणे आणि मधूनमधून पाणी पिणे ही जन्माची सवय होते. पंगतीत सर्वांबरोबर उठता येत नाही म्हणून संकोचणाऱ्या माणसाला घरच्यांनी शांतपणे वेळ द्यावा, ही शुश्रूषेतील मोठी गोष्ट आहे. गिळण्याचा त्रास, अन्न परत येणे, छातीत दुखणे आणि वजन घटणे यांना प्रत्येकी 0 ते 3 गुण देणारी एकार्ट मोजणी पुढच्या भेटींत वापरतात. बारापैकी तीन किंवा त्याहून कमी गुण असले की उपचार यशस्वी मानला जातो. गुण पुन्हा वाढू लागले तर बेरियमची तपासणी करून फुग्याने वलय रुंदावणे किंवा पुन्हा स्नायुच्छेदन करणे शक्य असते. दीर्घकाळ ॲकॅलेशिया असलेल्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो आणि तो शस्त्रक्रियेने पूर्णपणे टळत नाही. त्यामुळे गिळणे सुरळीत झाल्यावरही किती वर्षांनी एंडोस्कोपी करायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.