‘नळी बदलली’ म्हणजे नेमकं काय केलं?

अक्कलकोट, इंडी, आळंदहून सोलापूरला दाखवायला आलेली आई पिशवीतून फिल्म काढते, लेकराच्या कानामागच्या व्हॉल्व्हच्या उंचवट्यावर बोट ठेवते आणि सांगते, “दोनदा नळी बदलली.” डिस्चार्ज कार्डावरही पुष्कळदा एवढंच असतं : शंट रिव्हिजन. शंट म्हणजे मेंदूत साचणारं जास्तीचं पाणी कातडीखालून, बहुतेकदा पोटात, नेणारी नळी; व्हॉल्व्ह म्हणजे तिच्यातला प्रवाह सांभाळणारी झडप; आणि रिव्हिजन म्हणजे दुरुस्ती.

या शब्दात तीन निराळी कामं कोंबलेली आहेत. अख्खा शंट नवा बसवणं, तुंबलेला तुकडा बदलणं, आणि नळी धड असून टोक भलतीकडे गेलेलं, ते जागेवर आणणं. तिसऱ्याला वेगळं नाव रुळलंच नाही. त्यामुळे डोक्यातली नळी किती जुनी, हे पुढच्या सर्जनला कार्डावरून कळत नाही. कळायलाच हवं. जुन्या नळीला कोरॉइड प्लेक्सस, म्हणजे मेंदूच्या पोकळीत हे पाणी तयार करणारं रक्तवाहिन्यांचं जाळं, चिकटतो. हिसका दिला तर मेंदूच्या पोकळीत रक्तस्राव होतो.

व्हॉल्व्हचा शंट १९४९चा, सिलिकॉनचा व्हॉल्व्ह १९५६चा. टोक कुठे पोचलं हे स्पष्ट दिसू लागलं ते सत्तरच्या दशकात, सीटी स्कॅन आल्यावर.

खरा बदल नव्वदनंतरचा. पोटाकडची नळी भिंतीच्या थरांतच राहिली की पाणी तिथेच साचतं. पूर्वी यासाठी पोट पुन्हा उघडावं लागे. आता बेंबीजवळच्या छिद्रातून दुर्बीण घालून टोक पकडतात, आतड्यांजवळ मोकळं सोडतात आणि त्यातून थेंब पडताना पडद्यावर बघतात. हा दिलासा मोठा आहे.

डोक्याकडच्या टोकावर मात्र वाद आहे. २००३मध्ये ३९३ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. दुर्बिणीने बसवलेले ४२ टक्के शंट वर्षभरात निकामी झाले, दुर्बिणीविना बसवलेले ३४ टक्के. तेव्हापासून ‘दुर्बिणीचा उपयोग नाही’ हे पालुपद ऐकू येतं. पण ती चाचणी पहिल्यांदा बसवायच्या शंटची होती, चुकलेलं टोक सुधारण्याची नव्हे. चिकटलेली नळी आतून बघत, चिकटलेला भाग विजेने शेकून सोडवणं हे काम वेगळं, आणि तिथे दुर्बिणीला नाकारणं मला पटत नाही.

सुटलीच नाही, तर जुनी नळी आत ठेवून शेजारी नवी घालतात. म्हणून काही मुलांच्या फिल्मवर दोन नळ्या दिसतात. कार्डावर तेव्हाही ‘रिव्हिजन’च लिहिलेलं असतं.